वर्षाचे बिबडे

"खाय, बाई. गरम आहे तवरच खाय. गार झाला का मजा गेली त्याची."

वेणूमावशींनी माझ्या पुढ्यात पितळी ठेवली. पितळीत राखाडी रंगाचा, वाफाळता गोळा होता. त्याच्या मधोमध त्यांनी पळीच्या टोकानं खड्डा केला आणि त्यात बरणीतलं कच्चं शेंगदाण्याचं तेल ओतलं. चमचा-दोन चमचे नव्हे; खड्डा भरून तेल काठावरून ओघळून खाली पितळीत उतरेपर्यंत. मग मीठ लागलं तर असावं म्हणून चिमूटभर मीठ कडेला ठेवलं आणि माझ्यासमोर उकिडवं बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

सकाळचे सात वाजले होते. रात्रीच्या चहानंतर माझ्या पोटात पाण्याचा घोटही गेला नव्हता.

हा घाटा. खान्देशात उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे करतात, म्हणजे एक प्रकारचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाळवून भरडायची, आधणाच्या पाण्यात तीळ, लसूण, मिरची घालून ती भरड शिजवायची आणि ओल्या फडक्यावर हातानं थापून उन्हात घालायची. थापण्याआधीचं जे शिजलेलं पीठ, तो घाटा. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाळीपाळीनं थापायला जातात आणि जिच्या घरचे बिबडे, तिनं सगळ्यांना पोटभर घाटा खाऊ घालायचा, अशी रीत. त्या दिवशी पाळी वेणूमावशींची होती. अंगणात चार जणी फडकी ओली करून बसल्या होत्या. त्याही माझ्याकडेच बघत होत्या.

मी वेंगुर्ल्याची. नारळाच्या तेलावर वाढलेली. मी पहिला घास घेतला. आंबूस, तिखट, लसणीचा, जिभेला भाजणारा, टाळ्याला चिकटून बसणारा आणि त्यावरून कच्च्या तेलाची धार घशात जाणारी, असा तो घास होता. कुणीतरी उकडीच्या मोदकाची पारी करता करता वेड लागल्यासारखं तिच्यात लसूण घालून बसावं, तसं मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं.

"कसा लागला?"

"छान!" मी म्हणाले.

"खरं सांग."

"अगदी सुरेख, मावशी. असं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं."

दुसरं वाक्य तरी खरं होतं. आमच्या घरी ताटात आलेल्याला नाव ठेवायचं नाही, असा बाबांचा दंडक होता. एकदा पाहुण्यांकडे साखरेऐवजी मीठ पडलेला शिरा मी दोनदा मागून घेतला होता आणि घरी आल्यावर बाबांनी पाठीवरून हात फिरवला होता. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. माझ्या बाबतीत ती सख्खी, धाकटी बहीण.

मावशींनी पितळीत दुसरा गोळा टाकला.

तेव्हा मला त्या गावात दोन वर्षं होत आली होती. साल शहाऐंशी. यावल तालुक्यातलं चिंचखेडे, जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, आणि मी चोवीस वर्षांची शालन केळुसकर, तिसरीची वर्गशिक्षिका. वेणूमावशी फेगडे माझ्या घरमालकीण. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, घरात एकट्या. एकुलता एक मुलगा डिगंबर, तोही शिक्षकच. त्याची नेमणूक कुठे? तर सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. वेंगुर्ल्याची मुलगी यावलला आणि यावलचा मुलगा कुडाळला. ज्या कुणी हे केलं त्याला भूगोलात किती मार्क होते, हे विचारायची मला फार इच्छा होती.

पण यातूनच मला युक्ती सुचली. आपसी बदली. दोन शिक्षकांनी आपापल्या राजीखुशीनं जागांची अदलाबदल करायची. दोघांच्या सह्यांची संमतीपत्रं तीस एप्रिलपर्यंत कार्यालयात पोचली पाहिजेत, की झालं. फेब्रुवारीत मी डिगंबर फेगड्यांना पत्र लिहिलं. 'तुम्ही तुमच्या आईकडे या, मी माझ्या बाबांकडे जाते.' दोन पानं लिहिलं. माझी धाकटी बहीण बाबांजवळ होती आणि बारा मेला तिचं लग्न होतं. त्यानंतर अर्धांगानं एक हात गेलेले बाबा त्या घरात एकटे राहणार होते. त्यांना भात कोण वाढणार, हा माझ्यापुढचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर एकच होतं.

पंधरा दिवसांनी डिगंबर फेगड्यांचं कार्ड आलं. 'आपला विचार योग्य वाटतो. संमतीपत्र यथावकाश धाडतो.' मी माझं संमतीपत्र त्याच दिवशी धाडून मोकळी झाले. वेणूमावशींना मात्र काही सांगितलं नाही; बाबांच्या आजारपणाचंही त्यांना मी कधी बोलले नव्हते. डिगंबरना तसं कळवलंही. सरकारी काम, फिसकटलं तर म्हातारीच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं होईल. त्यापेक्षा जूनमध्ये मुलगाच दारात उभा राहू दे. मला या बेताचा फार अभिमान होता.

तर मी दुसरा गोळा खात होते. या वेळी युक्तीनं तेल एका कडेला लोटलं. मावशींनी ते पाहिलं आणि तेल कमी पडलं असं समजून आणखी ओतलं.

"आवडला तुले!" त्या म्हणाल्या. "मले वाटलं नव्हतं. कोकनातली पोरगी, हिच्या घशाखाली काय उतरते."

"अहो, मी रोज खाईन!"

अंगणातल्या बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पदरानं हात पुसले, थोड्या पुढे सरकल्या आणि म्हणाल्या,

"मंग बाई, तुह्या वाट्याचे टाकू का?"

"काय?"

"बिबडे. हे माह्यापुरते आहेत. तुह्या वाट्याची ज्वारी वेगयी भिजू घालतो. वर्साचे टाकू का?"

अंगणात थापायचे हात थांबले. निदान आज मला तसं आठवतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की मी पेचात सापडले आहे. नको म्हणावं, तर 'रोज खाईन' म्हणून झालं होतं. शिवाय नको म्हटलं की 'काहाले नको?' असा प्रश्न येणार, आणि मला खोटं बोलायला जमत नाही असा माझा समज होता. पुढच्या वर्षी मी इथे नाही हे तोंडून निसटलं असतं, तर सगळा बेत अंगणात सांडला असता. हो म्हणण्यात तोटा नव्हता. मी गेल्यावर ते बिबडे डिगंबर खातील, असा मी हिशेब केला.

"टाका ना!" मी म्हणाले. "भरपूर टाका."

"पाहून घे, बाई. एकदा ज्वारी भिजली का मंग माघारी नही घेता येत."

"अहो मावशी, त्यात काय पाहायचं? वर्षभर मला लागणार नाहीत का?"

वेणूमावशी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्या पितळीत तिसरा गोळा टाकला.

पुढच्या आठवड्यात माझ्या वाट्याचे बिबडे झाले. दोन पायली ज्वारी. रीतीप्रमाणे थापायला मीही बसले. माझे पहिले वीसेक बिबडे गल्लीत चर्चेचा विषय झाले. एकाचा आकार तर थेट महाराष्ट्राच्या नकाशासारखा होता, फक्त कोकण तुटलेलं. मला घाटा पुन्हा मिळाला, आणि आता तर तो माझ्याच घरचा असल्यामुळे मला तो चार जणींना हातानं वाढून, त्यांच्याबरोबर 'वा, वा' करत खावा लागला.

त्याच सुमारास एक गोष्ट घडली. मी शाळेतून दुपारी लवकर परतले, तर पोस्टमन रमजान तडवी आमच्या ओट्यावर बसून मांडीवर कागद ठेवून काही लिहीत होते आणि मावशी त्यांना हळू आवाजात सांगत होत्या. मला बघताच त्या गप्प झाल्या. रमजानचाचांनी कागद उलटा केला. मला थोडं लागलं. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि दोन वर्षं त्यांची सगळी पत्रं मीच वाचत होते, मीच लिहीत होते. असेल काही शेतीच्या वाटणीचं, असं म्हणून मी आत गेले. डोकं चालवायची वेळ आली की मी नेहमी आत जाते.

तीस एप्रिल आला. गेला. मला वाटलं, डिगंबरनी कागद परस्पर कार्यालयात दिला असेल. माणूस मितभाषी दिसत होता. मी ट्रंक भरायला काढली. बहिणीसाठी जळगावहून आणलेली साडी वर ठेवली.

चार मेला दुपारी मावशी माझ्या खोलीच्या दारात आल्या. हातात आंतरदेशीय पत्र होतं आणि चेहऱ्यावर, काय सांगू, दिवाळीला कुणाला काही द्यायला निघालेल्या माणसाचा असतो तसा आनंद होता.

"वाच," त्या म्हणाल्या. "डिगूचं आहे. आता तुह्यापासून काय लपवायचं? झालं गेलं सगयं."

मी पत्र उघडलं.

'तीर्थरूप आईस, डिगंबरचा शिरसाष्टांग नमस्कार. सर्वांत आधी: हे पत्र रमजानचाचांकडूनच वाचून घेणे. केळुसकर बाईंच्या हाती देऊ नये.'

"काय लिव्हलं?"

"नमस्कार लिहिलाय," मी म्हणाले. "खुशाली विचारलीय."

"पुढं वाच."

मी मोठ्यानं वाचू लागले. "'तुझं पत्र पोचलं. केळुसकर बाईंना तिथून जायचं नाही, त्यांनी वर्षाचे बिबडेसुद्धा घातले, असं तू लिहिलंस. त्याप्रमाणे मी संमतीपत्र पाठवलेलं नाही. मुदत संपली...'"

मला पुढची ओळ दिसेना.

"मावशी," मी म्हणाले, "हे काय आहे?"

त्या माझ्या ट्रंकेवर बसल्या. माझा हात हातात घेतला.

"मले सगयं माहीत आहे, बाई. त्यानं मार्चातच लिव्हलं होतं, तू अशी अशी बदली मांगून राह्यली म्हून. रमजाननं वाचून दाखवलं. मले वाटलं, ही पोरगी आपल्यासाठी करून राह्यली. म्हातारी एकटी, तिचा पोरगा दूर, म्हून सोता उठून चालली. तोंडानं तू सांगनार नही, मले ठाऊक. तू घाटा कसा लागला तेही धड सांगत नही. म्हून मी वर्साचं विचारलं. जिले जायचं आहे ते बाई वर्साचे बिबडे टाकील का? कोनी टाकत नही. माह्या मावसबहिनीची सून माहेरी जायची ठरली, तर तिनं सहा महिने आधी वर्साची तुरीची डाय भरू दिली नही घरात. अन् तू म्हने, भरपूर टाका."

"पण मावशी..."

"दोनदा विचारलं मी तुले. पाहून घे म्हटलं."

विचारलं होतं. दोनदा. चार साक्षीदारांसमोर.

"मंग मी रातभर इचार केला," मावशी म्हणाल्या. "पोरगा यावा, असं कोन्या मायले नही वाटत? पन लोकाच्या पोरीचं मन रमलं आहे, तिले आपल्या मतलबासाठी उठवायची? मी डिगूले लिव्हलं, तू येऊ नको. माह्यं काही अडत नही. बाई आहे माह्यापाशी." त्यांनी पदर तोंडाला लावला. "वाच पुढं. रडला असंल तो. लहानपनापासून हळवा आहे."

आत्ता सांगावं, असं माझ्या ओठांवर आलं. मला जायचं होतं. मला माझ्या बाबांकडे जायचं होतं, मावशी. तुमच्यावर मी कसलेही उपकार करत नव्हते, आणि तुमचा तो घाटा मी डोळे मिटून गिळला होता. हे सगळं बोलायला एक मिनिट पुरलं असतं. बोलण्याआधी म्हणून मी पत्रात खाली नजर टाकली.

'आई, तुझं पत्र वाचून डोक्यावरचा भार उतरला. खरं सांगायचं तर यायची माझीच इच्छा नव्हती. बाईंनी इतक्या कळकळीनं लिहिलं, आणि तू तिथे एकटी, मग नाही कसं म्हणणार? म्हणून आधी 'धाडतो' असं कळवून बसलो. कागद दोन महिने टेबलावर होता, सही करायला हात होईना. इथे मला फार बरं आहे. हवा मानवली आहे. रागावू नकोस, पण मी आता मासे खातो. घरमालक परब सज्जन आहेत, त्यांची मुलगी रोहिणी माझ्याच शाळेत आहे. तिच्याविषयी दिवाळीत आल्यावर बोलेन. ती बांगड्याचं तिरफळ घालून जे करते, ते शब्दांत सांगता येत नाही.'

मी ते दोनदा वाचलं. मी इथे अंगणात बसून कच्चं तेल गिळत होते आणि हा गृहस्थ तिथे माझ्या वाटणीचे बांगडे खात होता. तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणं मात्र माझ्या हातात. आंतरदेशीय, निळ्या रंगाचं.

मला भयंकर राग आला. त्याचा आला, मावशींचा आला, रमजानचाचांचा आला. बाबा डोळ्यांपुढे आले, डाव्या हातानं भात कालवताना. (पुढे जूनमध्ये मी त्यांना इकडे घेऊन आले. इथला उन्हाळा त्यांना दोनच वर्षं झेपला.) आणि समोर ही बाई माझ्या ट्रंकेवर बसून, माझ्यासाठी पोटचा पोरगा लांब ठेवल्याच्या समाधानात, तो रडला की नाही हे ऐकायला थांबली होती.

"एवढा वेळ काय वाचते?" मावशींनी विचारलं. "लई लिव्हलं का?"

"हो," मी म्हणाले. "अक्षर जरा पुसलं गेलंय."

"रडला?"

मला खोटं बोलायला जमत नाही हा समज तिथे संपला. मी पत्र नीट धरलं आणि वाचू लागले.

"'आई, तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. यायचं मनात होतं. तुझी सारखी आठवण येते. इथलं जेवण घशाखाली उतरत नाही. पण तू म्हणतेस ते बरोबर आहे. बाईंना त्रास नको. मी राहीन इथे. तू तब्येतीला जप.'"

"बस?"

"'तुझा डिगू.'"

वेणूमावशी रडल्या. मोकळ्या रडल्या, मला जवळ घेऊन रडल्या, आणि मीही रडले. त्यांना वाटलं त्यांच्यासाठी रडते आहे. तेही अगदीच खोटं नव्हतं, पण मुख्यतः मी माझ्यासाठी रडत होते, आणि ते कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग त्यांनी डोळे पुसले आणि उठून माझ्या टेबलावरचा कागद आणि पेन आणून दिलं.

"आताच जवाब लिही. पोरगं तिकडे झुरून राह्यलं असंल."

मी लिहायला बसले.

"लिही. डिगू, मनाले लावून घेऊ नको. मी चांगली आहे."

लिहिलं.

"तठी दोन वर्सं लागू दे, पाच लागू दे. माह्यी कायजी करू नको. पोटाले कमी करू नको."

लिहिलं. हे वाक्य वाचून तो माशाचा दुसरा तुकडा घेईल, हे मला दिसत होतं.

"अन् लिही, बाई अठी खुशीत आहे. तिले अठंच रहायचं आहे. माह्या मनचं नही सांगत, तिनं तिच्या तोंडानं सांगलं."

माझं पेन थांबलं.

"काय झालं? शाई सरली?"

"नाही."

मी लिहिलं: 'केळुसकर बाई इथे खुशीत आहेत. त्यांना इथेच राहायचं आहे.' माझं अक्षर चांगलं आहे. शाळेतले तक्ते मीच लिहीत असे.

मावशी वाकून कागदाकडे बघत होत्या. त्यांना त्यातलं एकही अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी शेवटच्या ओळीखाली रिकामी जागा आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांनी तिथे बोट ठेवलं.

"आता अठी तू सही कर, बाई. म्हंजे त्याले वाटनार नही का मायनं आपल्याच मनानं लिव्हलं."

मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, मधल्या बाबांच्या नावासकट.